साताऱ्याचे पेढे

३ फेब्रुवारी, सोमवार

आठवी तार पुन्हा बाहेर राहिली, आणि तोवर मी पक्कड दाबली होती. टोक कापायचं, साल सोलायची, परत पहिल्यापासून. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पुटपुटत होते. शेजारून पेंडसे काका म्हणाले, "बाई, स्तोत्र नंतर. आधी तारा सरळ करा."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त. नेटवर्कचा क्लास कशाला लावला विचारलं तर म्हणाले, "घरी टीव्ही आहे म्हणून."

शेवटी एक केबल झाली. तपासायच्या डबीत लावली. आठ हिरवे दिवे एकामागून एक लागले. मी टाळ्या वाजवल्या. वय चव्वेचाळीस, एम. ए. मराठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. जूनपासून माझी मराठीची तुकडी नाही. मुलंच नाहीत. कॉलेजचा संगणक कक्ष सांभाळणारे गृहस्थ मेमध्ये निवृत्त होतात. "एप्रिलअखेर प्रमाणपत्र आणा, जागा तुमची. नाहीतर एजन्सीचा माणूस येईल. माझा नाइलाज आहे." नाइलाज हा शब्द ते फार सुरेख उच्चारतात.

घरी नवऱ्याला सांगितलं. सुहास पेपरमागून म्हणाला, "जमेल तुला." मग पेपर खाली घेऊन पुन्हा म्हणाला. तेव्हा खरं धरलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

क्लास शनिवार पेठेत, भांड्यांच्या दुकानावर. खाली पातेली आदळतात, वर आम्ही.

शेख सर कमी बोलतात. चहाला जाताना जाळ्यात एक बिघाड करून जातात, परत येईपर्यंत तो शोधायचा. आज मी, काका आणि रोशनीने अर्ध्या खोलीच्या जोडण्या तपासल्या. पत्ते तपासले, आकडे तपासले. सर आले, वाकले, एक केबल अर्ध्या बोटाने आत ढकलली. सगळं सुरू.

"आधी डोळे," म्हणाले. "मग डोकं."

रोशनी यवतमाळची, हिंजवडीच्या कंपनीत. फोनवरून लोकांचे संगणक दुरुस्त करते. म्हणजे दिवसभर सांगते, बंद करून चालू करा. तिला फोन सोडून यंत्रांपाशी जायचंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक केबल टेबलावरून लोंबत होती. दिसायला बरी नव्हती. समोरच्या जोडणीच्या पेटीत एक रिकामी खोबण होती, तिच्यात लावून टाकली. दुसरं टोक त्याच पेटीत आधीच लावलेलं आहे, हे पाहिलं नाही.

पेटीवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. एकच संदेश गोल गोल फिरत राहतो म्हणे, फिरताना वाढत जातो, मग दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. खोलीतली सगळी यंत्रं ठप्प. दिसत होतं मात्र सुंदर.

काका: "वा. दिवाळी लवकर आली यंदा."
शेख सर: "कोणी लावलं?"
मी: "मी. लोंबत होती."
शेख सर: "मॅडम, लोंबू द्या."

घरी येईपर्यंत हसत होते. बसमधल्या बाईने जागा बदलली.

५ मार्च, बुधवार

आज सातारा.

दूरच्या यंत्रात बदल करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेता येतं. आपण ज्या वाटेने आत शिरलो तीच वाट आपल्या हाताने बंद होते. शेख सरांचं नोकरीच्या सुरुवातीला असं झालं होतं. पुण्यात बसून साताऱ्याच्या शाखेच्या यंत्राची वाट स्वतःलाच बंद करून ठेवली. मग स्वारगेटवरून पहाटेची एसटी. "एक ओळ पुसायला गेलो. पुसली. कंदी पेढे घेऊन परत आलो. साहेब म्हणाले, पेढे कशाचे? मी म्हटलं, अकलेचे."

तेव्हापासून त्यांचा नियम. बदलाला हात लावण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांनी आपणहून बंद हो आणि पुन्हा सुरू हो. आणि काम तपासून होईपर्यंत काही जतन करायचं नाही. सगळं नीट झालं तर तो आदेश मागे घ्यायचा, मग जतन. कोंडले गेलो तर गप्प बसायचं. दहा मिनिटांनी यंत्र नवं सगळं विसरून जुन्यासारखं उठतं, दार उघडं असतं.

याला ते परतीची वेळ लावणं म्हणतात. न लावता जो कोंडला जाईल तो साताऱ्याला गेला. त्याने वर्गाला पेढे द्यायचे.

काका: "आणि लावून कोंडला गेला तर?"
सर: "तरी द्यायचे. गेला तर होताच ना."

१२ मार्च, बुधवार

या यंत्रांच्या भाषेत एखादी ओळ पुसायची तर तीच ओळ पुन्हा लिहावी लागते, आधी 'नो' लावून. नाकारण्यासाठी आधी पूर्ण म्हणायचं. मला हे आवडलं. का ते

सुहास आला, वायफाय का बंद विचारायला. घरच्याच वायफायच्या यंत्रावर सराव चालू होता. त्याची मॅच शेवटच्या षटकात होती. आता स्वयंपाकघरात भांडी जोरात लावतोय. दहा मिनिटांनी आपोआप येईल म्हटलं. आलं. मॅच संपली होती. साताऱ्याचा नियम सांगितला, तर म्हणाला, "मग घरात पेढे कधी येणार?"

३० मार्च, रविवार. पाडवा

काकांच्या हट्टाने तासभर क्लास. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक हाच आकडा पुन्हापुन्हा मांडून सरस्वती काढली. शाळेत दसऱ्याला पाटीवर काढायचो तशी.

"काका, ही दसऱ्याची."
"परीक्षा एप्रिलमध्ये आहे, बाई. दसऱ्यापर्यंत ती थांबणार नाही."

खाली पाट, पाटावर पक्कड आणि तारांचं वेटोळं, त्याला हळदकुंकू. रोशनी म्हणाली, "सगळे एकच एक आहेत. शून्य कुठाय?" काका म्हणाले, "शून्य आम्ही आहोत." शेख सरांनी घरून शिरखुर्मा आणला होता. उद्या ईद आहे, पण तुम्ही उद्या येणार नाही, म्हणाले. वर श्रीखंड. सुस्ती. कोणी काही शिकलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सरांनी फळा पुसला. कोपरा सोडून.

रोशनी साताऱ्याला गेली. परतीची वेळ लावायची विसरली. सर उठले, किल्ली घेतली, आतल्या खोलीचं दार उघडून तिथलं सरावाचं 'दूरचं' यंत्र हाताने बंद करून सुरू केलं. नंतर म्हणाले, "परीक्षेत ही किल्ली परीक्षकाच्या खिशात असेल. दार उघडायला लावलंत की परीक्षा संपली."

रोशनी म्हणाली, "मॅडम, माह्या गावाकडं यापेक्षा सोपं असते सगळं." जिन्यात आल्यावर मात्र तिनेच मला विचारलं, पेढे स्वारगेटचे चालतील की साताऱ्याचेच पाहिजेत. उद्या आणते म्हणाली.

काकांनी नियमावली केली: स्वारगेटचे चालतील, चितळ अंतःकरणाने दिलेले नकोत. चितळ तर हरीण असतं, हे विशेषण कधी झालं विचारलं. "आत्ताच. तुम्ही मराठीच्या, तुम्ही अर्थ लावा."

११ एप्रिल, शुक्रवार

उद्या.

कॉलेजात शेवटच्या पेपरांचे गठ्ठे बांधले. शिपाई सखाराम विचारत होता, बाई, पुढच्या वर्षी कुठे? इथेच, म्हटलं. बहुतेक. दुसऱ्या मजल्यावर नाही, तळमजल्यावर, संगणक कक्षात. तो म्हणाला, "तळमजला बरा. जिना नाही."

रोशनीचा फोन. "मॅडम, काहून टेन्शन घेता? होऊन जाईन." आवाज तिचाच कापत होता.

१२ एप्रिल, शनिवार

संध्याकाळ. जसं झालं तसं लिहिते.

परीक्षा आमच्याच खोलीत, परीक्षक बाहेरचे. बारीक, इस्त्रीचा शर्ट, किल्ली खिशात. केबल झाली, आठही दिवे लागले. पेरलेला बिघाड सापडला. आधी डोळे. मजेत चालले होते. इतक्या मजेत की भीती वाटायला हवी होती.

शेवटचं काम आतल्या खोलीतल्या यंत्रावर, बाहेरून. लेखा विभागाला आत येऊ द्यायचं, इतरांना नाही, आपण मात्र पोचू शकलो पाहिजे. यादी लिहिली. लेखा विभागाला परवानगी. यादी लागू केली.

पडदा थिजला. कळ दाबली, अक्षर उमटेना.

तेव्हा कळलं. या याद्यांच्या शेवटी एक ओळ न लिहिताच असते: बाकी सर्वांना मनाई. बाकी सर्वांत मी होते. स्वतःचं नाव घालायचं राहिलं.

परतीची वेळ लावली होती का? लावली होती. रोज लावते. आज लावली का? टाईप केल्याचं आठवत होतं. एंटर दाबल्याचं आठवेना.

हात मांडीवर ठेवले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खाली कोणीतरी स्टीलचा डबा घेत होतं, झाकण घट्ट बसतं का पाहत होतं. पुन्हा पुन्हा लावून काढत होतं. फळ्याच्या कोपऱ्यात सरस्वती होती.

परीक्षक आले. "काय चाललंय, मॅडम?"
"थांबले आहे."
"कशासाठी?"
"यंत्र परत येईल म्हणून."
त्यांनी खिशावर हात ठेवला. "दार उघडायचंय का?"

एक क्षण वाटलं, हो म्हणावं. निदान संपेल.

"नको."

ते काहीतरी लिहून पुढे गेले. समोरून काका बघत होते. त्यांनी ओठांनी विचारलं, सातारा? मी मान डोलावली. काकांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग मलाही. परीक्षेत, हातात काही उरलं नसताना, इतकं हसू यावं हे नवलच.

आतल्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली. यंत्र बंद होऊन सुरू होताना करतं तशी. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

पुन्हा आत गेले. पुन्हा परतीची वेळ. पुन्हा यादी, या वेळी पहिली ओळ माझी. तपासलं. लेखा विभाग आत, इतर बाहेर, मी आत. वेळ संपायला आली होती. उठले.

परीक्षक दारात म्हणाले, उद्या सकाळी सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करणार, मग तपासणार. जे उरेल त्याला गुण.

जिन्यात एका पायरीवर थबकले. शेवटी आदेश मागे घेतला, ते आठवतं. जतन केलं का?

काका म्हणाले, "बाई, सकाळी कळेलच. आत्ता भेळ खाऊ." खाल्ली. रोशनीचं काम नीट झालंय, तिने रस्त्यात मला मिठी मारून उडी मारली. मलाही मारायला लावली.

आता ओट्यापाशी उभी आहे. कुकर लावला. ओट्यावर बोटांनी तीच क्रमवारी करून पाहिली. तपासलं, आदेश मागे, आणि मग बोटं थांबली नाहीत, पुढची ओळही लिहून मोकळी झाली. म्हणजे केलं असावं. सुहास म्हणाला, "ओट्याला काय विचारतेस?"

कोंडलं जाऊनही आजचा दिवस चांगला गेला, हे कुणाला सांगता येणार नाही. इथे लिहिते.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी स्वारगेटला उतरून पेढे घेतले. क्लासला पोचले तेव्हा परीक्षक आतल्या खोलीत होते, दार बंद. यंत्रं सुरू होत असल्याचा आवाज येत होता. काका आणि रोशनी जिन्यात बसले होते. शेख सरांनी पुडा उघडला, एक पेढा घेतला.

"कशाचे?"
"साताऱ्याचे."
"बरं. निकालाचे वेगळे लागतील."

आम्ही पेढे खाल्ले. परीक्षकांसाठी दोन ठेवले.