पायथ्याच्या विटा

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
सांगलीहून साडेतीनच्या एस.टी.ने पलूसला परत. डॉक्टर तरुण. आडवं निजवून बी.पी. घेतलं: १६०. उभं करून घेतलं: ८४. भिंत पांढरी झाली. मी त्याचं टेबल धरलं. तेही त्याने लिहून घेतलं.
मज्जासंस्थेचा आजार. माणूस उभा राहिला की शिरा आवळल्या पाहिजेत. तो निरोप माझ्या नसा पोचवत नाहीत. आजार जाणार नाही, पण सांगितलेलं पाळलं तर उभं राहता येईल, असं म्हणाला. मी दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवला.
उपाय: मीठ जास्त. पाणी भरपूर. एक छोटी गोळी. मांडीपर्यंत घट्ट मोजे. कॉटचे उशाकडचे पाय विटांवर, नऊ इंच.
चौदा एप्रिलला दोन महिने आहेत. विहारासमोरचा झेंडा नेहमीप्रमाणे मीच चढवणार. वेळ पुरेसा आहे.

१३ फेब्रुवारी
विटा लावल्या. पायथ्याकडे.
एकतीस वर्षं हायस्कूलवर विज्ञान शिकवलं. पाणी उंचावरून खाली येतं. पाय वर असले तर रक्त डोक्याकडे येणार. सपाट झोपल्याने रात्री प्रेशर चढतं, मूत्रपिंडं मीठपाणी बाहेर टाकतात, सकाळी माणूस रिकामा उठतो, असं काहीतरी डॉक्टर सांगत होता. पाठांतर चांगलं आहे.
बायको बायडाबाई सांगलीला सोबत होती. ती म्हणाली, आवं, डाक्टरनी उशाला म्हटलं व्हतं न्हवं? म्हटलं, तू चुकीचं ऐकलंस.

१९ फेब्रुवारी, सोमवार
पुतणी आम्रपाली आरोग्य केंद्रात नर्स आहे. दर सोमवारी तिथे जाऊन मोजायचं ठरलं. वहीत दोन रकाने आखले: आडवा, उभा.
आडवा १६८. उभा ८२.
काका, विटा लावल्या का? हो म्हटलं. खोटं नाही.
रात्री पाचदा लघवीला. पाणी वाढवल्यामुळे. पाणी कमी करणे.

२३ फेब्रुवारी
मोजे आले. चढवायला बायडाबाईला वीस मिनिटं लागली. म्हशीला पायजमा घातल्यावानी दिसतंया, म्हणाली. दुपारी काढले. ऊन फार.
तिने एक उपाय सुचवला. आमची मुलगी माया झाली तेव्हा सुईणीने हिचं पोट लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधलं होतं. उठल्यावर भवळ यायची ती थांबली. तुमचं बांधू का? विचारताना हसली नाही. मी बाळंतीण नाही, एवढंच सांगितलं.

६ मार्च
सकाळी डोकं ठणकतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. अक्षरही बारीक येतंय, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. पेन खराब. नवा घेणे.

२० मार्च
नागसेन आला. जयंती मंडळाचा सेक्रेटरी, माझाच विद्यार्थी. चहा निम्मा प्यायल्यावर बोलला. सर, यंदा खुर्ची ठिवतो. बसूनच वडा दोरी.
मी सांगितलं, १९६४ पासून झेंडा उभ्याने चढवतोय. वडील चावडीपुढे वाकून उभे राहायचे, वहाणा हातात घेऊन. धर्मांतरानंतर मला एकच गोष्ट म्हणाले: सरळ उभा राहा.
नागसेन म्हणाला, सर, सरळ तर बसूनबी ऱ्हाता येतंय.
या पोराला विज्ञानात पस्तीस मार्क होते.
तो गेल्यावर बायडाबाई भांडी आवरता आवरता म्हणाली, तुमच्या बापाला उभ्या जन्मात कुणी खुर्ची दिली न्हाई. तुमाला देत्यात, तर तुमाला नको.
तिला मुद्दा समजला नाही.

१ एप्रिल, सोमवार
आडवा १७८. उभा ७४. आम्रपालीने पुन्हा मोजलं, तेवढंच. घरी येऊन कॉट बघते म्हणाली. पाहुणे आहेत म्हणून सांगितलं.
सराव चालू. हापशाजवळ चार मिनिटं उभा राहिलो. मग बसलो. पडलो नाही, बसलो. कोपर थोडं सोललं.

९ एप्रिल
हिशेब. चाळीस पावलं. दोरी दीड मिनिट. वंदना तीन मिनिटं. एकूण सहा मिनिटं. माझा उच्चांक चार, हापशाला हात लावून. उरलेली दोन इच्छाशक्तीवर.

१३ एप्रिल
कपडे इस्त्रीला दिले. उद्या मोजे नाहीत, विजार सरळ पडत नाही. पाणीही नाही, मैदानात लघवीची सोय नाही. खुर्ची ठेवली तर मी येणार नाही, असं नागसेनला कळवलं. ठेवणार नाही म्हणाला.

१७ एप्रिल. सांगली, दवाखाना
झेंडा चढला, याची नोंद असावी.
दोरी हातात घेतली. निम्म्यावर गेला तेव्हा आकाश पांढरं झालं. मी दोरी सोडली नाही. मी खाली गेलो, झेंडा वर गेला. साधी कप्पी. आठवीला शिकवायचो. मागच्या रांगांना काही दिसलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.
खुब्याचं हाड मोडलं. तळहात दोरीने सोलला. नागसेन दारात उभा असतो. आत येत नाही. खुर्ची ठिवायला पायजे व्हती, एवढंच बायडाबाईला म्हणाला.

२९ एप्रिल, सोमवार. घर
काल आणलं. विटा उशाकडे आहेत. मी दवाखान्यात असताना बायडाबाईने हलवल्या. मला विचारलं नाही. पोटही बांधलंय, जुन्या लुगड्याच्या पट्टीने. आम्रपाली म्हणाली, काकी, बरोबर बांधलंस, डॉक्टर पट्टा देतात तो असाच.
रात्री एकदाच लघवी. सकाळी डोकं दुखलं नाही.
आम्रपालीने घरीच मोजलं. आडवा १३६. उशांना टेकवून बसवलं: ११८. भिंत जिथल्या तिथे राहिली. काका, लय भारी, म्हणाली. मग तिने वही मागितली.
पहिल्या रकान्यात आकडा लिहिला. दुसऱ्याकडे बघितलं. मी पट्टीने आखलेला, वर मीच लिहिलेलं: उभा. खुबा पुन्हा भार घेणार नाही, असं सांगलीच्या डॉक्टरने तिच्या-माझ्यासमोरच सांगितलं होतं.
तिने तिथे एक बारीक रेघ मारली आणि पेन माझ्या हातात परत दिला.
अक्षर तसंच बारीक येतंय. पेन चांगला आहे.