स्कार्फमधली कुकरची शिट्टी

मंगळवार, जेवणं झाल्यावर

माझी गाडी गॅरेजला, म्हणून आज येरवड्याहून मांजरीला लेकीच्या स्कूटरवर मागे बसून आलो. सई गाडी छान चालवते. पण मुंढव्याच्या पुलाजवळ तिच्या स्कार्फमधून चक्क कुकरची शिट्टी ऐकू आली! मोबाइल कानाशी खोचलेला, पलीकडे तिची आई. भाजीवाल्यापासून माहेरच्या लग्नापर्यंत सगळं चाललेलं, आणि ही बाई टेम्पोंमधून वाट काढत हूं हूं करतेय.

गाडी बाजूला घ्यायला लावली. फोन बंद करून डिकीत टाकायला लावला.

"चालवताना उचलतेस कशाला?"

"बाबा, आई स्वयंपाक करताना रोज करते. तेवढीच बोलते ती. नाही उचलला तर घाबरते."



घरी पोचलो तर सुनंदा फाटकात उभी. हातात मोबाइल, पायात चपला नाहीत. गॅस बंद करून आलेली, भात अर्धा कच्चा. सईच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग मला म्हणाली, "अहो, तुम्ही होतात होय मागे! तरीच."

रागावलो ते बरोबरच होतं ना? बरोबरच. पण त्या वेळी मी रोज कुठे असतो? कट्ट्यावर. घरातली शिट्टी मला ऐकू आली ती रस्त्यावर.

उद्या संध्याकाळी ओट्यापाशी स्टूल टाकून बसेन. तिला बोलायला माणूस लागतं. ते गाडी चालवणारंच कशाला हवं?