काजं उजवीकडे

प्रिय लेकी,

लिहिला बाई एकदाचा तो शब्द. दोन वर्षं तुला प्रत्येक पत्रात 'लेकरा' म्हणत आले आणि मनात म्हणत होते, मी काय हुशार! लेकरू म्हटलं की ते येतं, ते जातं, ते जेवतं. कुणाला दुखवायला नको, कुणाशी भांडायला नको. मागच्या पत्रात तू मला चांगलंच फटकारलंस. 'आई, मी काय टेबल आहे का?' ते वाचून आधी राग आला, मग समोरच्या जेवणाच्या टेबलाकडे बघून हसू आलं, आणि मग रडू. बोलताना माझी जीभ अजून घसरते, तेवढं सांभाळून घे. कागदावर मात्र आता चुकणार नाही.

पार्सल मिळालं असेलच. आधी पत्र पूर्ण वाच, मग अंगावर घालून बघ, तुझी घाई मला माहीत आहे. शनिवारी ताईचं लग्न. तू लिहिलंयस, आले तर माझ्या कपड्यांत येईन, नाहीतर येणार नाही. इकडे बाबांचं एकच पालुपद, यायचं तर मुलासारखं यायचं. ताईला तुम्ही दोघंही हवे आहात, पण ती कुणालाच काही म्हणत नाही, नुसती नखं कुरतडते. आणि मी? इकडे आड तिकडे विहीर, मधे मी सुया घेऊन बसलेली.

तुझं ते कपड्यांचं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. तू मागितलंस तरी काय, तर कपडे. दुकानातलं काहीही घेतलं तरी खांद्यात आवळतं नाहीतर कमरेत लोंबतं, खोलीत एक खुंटी आणि एक फळी, तेव्हा मोजकेच विणून दे, पण असे की कुठलाही कशावरही चालला पाहिजे. मी म्हटलं, हे मला जमण्यासारखं आहे. बाकीचं काही मला समजत नव्हतं, पण विणकाम समजतं. आणि मग मी काय केलं? गुलाबी लोकर काढली. झालर लावली, गळ्याशी बो बांधला, वर मोती. आठवडाभर खपून तो नमुना तुला पाठवला आणि तुझं एका ओळीचं उत्तर आलं, 'आई, मी बाई आहे, बाहुली नाही.' मी इतकी चिडले! दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होते. संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, मी तरी जन्मात कधी गुलाबी घातलंय? ताईने कधी बो बांधलाय? तुलाच तेवढी पेस्ट्री करून मांडायला निघाले होते. तो नमुना तुझ्याकडून परत मागवला, उसवला आणि लोकर शेजारणीच्या नातीला दिली. तिला शोभतो तो रंग, ती पाच महिन्यांची आहे.

मग तुला नीट विचारलं, तशी तू मोकळेपणाने लिहू लागलीस. मला कळलं की तुला गर्द रंग हवेत, झालर अजिबात नको, लांबी हवी, खिसे खोल हवेत, आणि गळ्याशी काही आवळायला नको. हे शेवटचं वाचून मी मोठ्याने हसले. एवढीशी होतीस तेव्हाही बंद गळ्याचा स्वेटर घातला की घर डोक्यावर घ्यायचीस. मग मला तुझी भीती वाटेनाशी झाली. हो, भीती वाटत होती. वाटायचं, दार उघडेन आणि समोर कुणी परकीच उभी असेल, तिला काय आवडतं हेही मला ठाऊक नसेल.

तर शेवाळी, विटकरी आणि राखाडी, एवढ्या तीनच रंगांत सगळं बसवलंय. राखाडी पातळ स्वेटर तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानात कामावर रोज घालायला. शेवाळी बंडी त्याच्यावर घाल नाहीतर नुसत्या ब्लाउजवर. राखाडी स्कर्ट सरळ विणलाय, घेर नाही, आतून अस्तर आहे म्हणजे बसून बसून फुगणार नाही. विटकरी शाल कशावरही. पलंगावर सगळं मांडून मी उलटसुलट जोड्या लावून पाहिल्या, एकही जोडी भांडत नाही. आणि ते लांब शेवाळी कार्डिगन, ते लग्नासाठी. खांद्यांची तुला फार काळजी ना? बाह्या गळ्यापासून तिरक्या उतरवल्यात, त्याने खांदा मऊ दिसतो. पण एक सांगू? ते खांदे तुझ्या बाबांचे आहेत. ताईचेही तसेच आहेत, आणि ती काय दिमाखात चालते!

हे सगळं चोरून चाललं होतं. तुला आपलं दुकान माहीत आहे, पुढे माझी लोकर, मागे बाबांचं मशीन, मधे एक पडदा. मी काउंटरखाली पिशवीत विणत होते आणि कुणी विचारलं तर गिऱ्हाइकाची ऑर्डर म्हणत होते. आणि पडद्याच्या पलीकडे बाबा काय करत होते सांगू? तुझ्यासाठी सूट शिवत होते. गडद निळा, लग्नात घालायला. माप विचारलं नाही कुणाला, आठवणीतल्या मापावर बेतला. सूट फार सुंदर झालाय, खोटं कशाला बोलू. कॉलर अशी बसवलीय की पाहत राहावं. तू पाठवलेली मापं माझ्याकडे होती, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं की तो छातीत बसणार नाही. मी बोलले नाही. ते पडद्याआड गुणगुणत काज करायचे आणि इकडे मी पिशवीत सुया चालवायचे. एका छताखाली दोघं एकाच लेकराचे कपडे करतोय आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. बघ, लेकराचे म्हटलं पुन्हा. लेकीचे.

गेल्या सोमवारी फुटलं सगळं. एक बाई लोकर परत करायला आल्या होत्या, हुज्जत घालत होत्या, त्या गडबडीत कार्डिगन काउंटरवरच राहिलं. बाबा कात्री न्यायला बाहेर आले. शिंपी माणूस, कपडा दिसला की हात जातोच. आधी आतली बाजू पाहिली, शिवण पाहिली, मान डोलावली. मग दोन्ही खांद्यांवरून वीत फिरवली आणि थांबले. पुन्हा फिरवली. त्या बाई बोलत होत्या, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाबांनी पुढची पट्टी उलटून बघितली. पुरुषांच्या कपड्याला काज डावीकडे असतं, बायकांच्या उजवीकडे, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील.

"काजं उजवीकडे आलीत," ते म्हणाले.

"उजवीकडेच हवीत," मी म्हणाले.

त्यांनी कार्डिगन घडी घालून ठेवलं. आपटलं नाही, भिरकावलं नाही, गिऱ्हाइकाच्या कपड्याची घालतात तशी नीट घडी घातली. आणि आत गेले. आदळआपट केली असती तर मीही तोंड सोडलं असतं, तू मला ओळखतेस. पण घडी घालणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? तेव्हापासून घरात मशीन तेवढं चालायचं, तेही थांबून थांबून. सूट हँगरला लटकत होता, त्याला शेवटचं बटण लावायचं राहिलं होतं, ते त्यांनी लावलं नाही आणि सूट उतरवलाही नाही. ताई हळूच मला म्हणाली की लग्न पुढे ढकलू या का. मी तिला गप्प बसवलं, पण रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा.

कपडे काय, पत्राशिवायही पाठवता आले असते. हे लिहायला बसले ते काल दुपारच्या एका वाक्यासाठी. आम्ही तिघं जेवत होतो. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "ती आली तर मी लग्नाला येणार नाही." माझा हात वाढता वाढता थांबला. ताईने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं असणार, कारण पाण्याचा पेला उचलला तो हातातच राहिला. पण त्यांनी तो शब्द बदलला नाही, 'ती'चं 'तो' केलं नाही. तुला खोटी आशा लावायची नाही मला. माणूस हट्टी आहे, शनिवारी खरंच दुकान उघडून बसायलाही कमी करायचा नाही. एका शब्दाने घर सावरत नाही, एवढं मलाही कळतं. पण दोन वर्षं ते जो नाहीच आहे अशा मुलासाठी भांडत होते, काल पहिल्यांदा तुझ्याशी भांडले. मग मीही लांबण लावली नाही. "ती येतेय," एवढंच म्हणाले आणि त्यांना वाढलं. लेकी, तुला न विचारता सांगून बसलेय. आता मला खोटं पाडू नकोस.

शनिवारी दारात उभी असलेली,
तुझीच,
आई