मंगळावरील चौदा फाटे

मी, कुमारी गुणमाला धनपाल मगदूम, वय एकवीस पूर्ण, धंदा शिक्षिका, राहणार विश्रामबाग, सांगली, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पोट तेवढे नाही. उद्या मिरजेच्या इस्पितळात माझे अपेंडिक्स काढायचे आहे. डॉक्टर म्हणाले, "बाई, पंधरा दिवसांत शाळेत जाल." त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरीही लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दाब आणलेला नाही. उलट माझे वडील, आप्पा, ऐकून हसले.

कलम १. घर माझ्या नावावर नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. पोस्टाच्या पुस्तकात असेल ते आप्पांचे. आईच्या पाटल्याही त्यांच्याचपाशी राहाव्यात. त्या मी फक्त वापरीत होते.

कलम २. शिवणयंत्र माझ्या चुलतभावाच्या, जयपालदादाच्या, पत्नीला, प्रभावतीवहिनींना द्यावे. दादाला देऊ नये. मला पाहायला मंडळी आली होती तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला, "हिला मंगळ पत्रिकेत नाही, दुर्बिणीत आहे." मंडळी हसली, चहा प्याली आणि पुन्हा आली नाहीत. आम्हा जैनांच्या क्षमावाणीच्या दिवशी मी त्याला क्षमा केली, पण ती तोंडाने. आज मनानेही करीत आहे. शिवणयंत्र मात्र वहिनींनाच.

कलम ३. माझी पुस्तके शाळेच्या कपाटात ठेवावीत. कंपासपेटी सहावीच्या वर्गाला द्यावी. तिच्यातला कर्कटक ढिला आहे, हे मुलींना आधी सांगावे.

कलम ४. पितळी दुर्बीण आप्पांची. ती त्यांनीच फलटणला असताना बसऱ्याहून परतलेल्या सुभेदार लालासाहेबांकडून घेतली होती आणि मी चौदा वर्षांची झाले त्या दिवशी मला दिली. मी शिकायला शाळेत कधी गेले नाही; परीक्षा बाहेरून दिल्या. आप्पा नीरा कालव्यावर इन्स्पेक्टर होते आणि बदलीच्या गावी मुलींची शाळा नसे. त्यांनीच मला अक्षरे, गणित आणि आकाश शिकवले. आमच्याकडे जेवणे सूर्यास्तापूर्वी होतात. त्यामुळे चांदण्या निघेपर्यंत भांडी घासून आम्ही मोकळे झालेले असू.

मंगळ हा आप्पांचा विशेष जिव्हाळ्याचा विषय. तिथे सरळ रेघा दिसतात, त्या म्हणजे ध्रुवावरचे बर्फ वितळवून कोरड्या मुलखाला पाणी नेणारे कालवे आहेत, असे कोणा परदेशी विद्वानाचे मत त्यांनी मासिकात वाचले होते. इतर विद्वान नाही म्हणतात, हेही त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले. पण पाण्याच्या थेंबात जीव, वाऱ्यात जीव, चंद्रसूर्याच्या विमानांत देव, असे आपला धर्म सांगतो, मग एवढा मोठा गोल रिकामा कसा असेल, असा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत रेडिओवर मंगळवासीयांच्या स्वारीचे नाटक ऐकून लोक घाबरले, ही बातमी वाचून ते रागावले होते. "तहानलेली माणसं स्वारी कशाला करतील? ती अर्ज घेऊन येतील," म्हणाले. त्यांच्या कचेरीत रोज तशीच माणसे येत असत. कालव्याच्या फाट्याच्या टोकाला पाणी पोचत नाही, ही त्यांची तक्रार असे.

कलम ५. हे कलम माझ्या मृत्यूनंतर आप्पांना वाचून दाखवावे.

सन १९४१ च्या दसऱ्यानंतर मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता. आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. भिंग घेऊन कागद नाकाशी धरला तरच त्यांना वाचता येई. दुर्बिणीतून त्यांना काही दिसेना. मोजणीच्या तिवईवर त्यांनी ती बसवली, दोन्ही हातांनी तिवई धरली आणि मला बघायला सांगितले. मला डाळिंबाच्या दाण्याएवढा तांबूस ठिपका दिसला. तोही थरथरत होता.

"कालवे दिसतात का गं, गुणा?"

"दिसतात, आप्पा."

"किती?"

"चौदा."

ते म्हणाले, "टोकापर्यंत पाणी पोचलंय का, नीट बघ."

"पोचलंय."

मला एकही कालवा दिसला नव्हता. आमच्या खाटेच्या वर, भिंतीला नीरा कालव्याचा नकाशा टांगलेला असे. तो मला पाठ होता. त्यातलेच चौदा फाटे मी वर्तुळात काढून दिले आणि वर पांढरा ध्रुव ठेवला. आप्पांनी तो कागद चौकटीत बसवला. सहा वर्षे होऊन गेली, तो भिंतीवर आहे. क्षमावाणीला आप्पा सर्व जीवांची क्षमा मागतात, त्यांत मंगळावरच्या जीवांनाही धरतात. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवत नाही.

या चौकटीतल्या नकाशाच्या उजव्या अंगाला चौदाव्या फाट्यापुढे पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे. ती मी काढलेली नाही. कोणी काढली ते मला ठाऊक नाही. माझ्या खोट्यात ती धरू नये.

गेल्या दिवाळीत आप्पांचे मोतीबिंदू काढले. आता त्यांना जाड चष्म्याने चांगले दिसते. पुढच्या महिन्यात मंगळ पुन्हा जवळ येणार आहे आणि ते दिवस मोजीत आहेत. त्या दिवशी त्यांना रिकामा ठिपका दिसेल आणि मी जवळ नसेन, ही माझी भीती आहे. शस्त्रक्रियेचीही आहे, पण ती लहान आहे.

इथवर लिहून मी दोन साक्षीदारांना बोलावले. आकारामबाबा आप्पांच्या हाताखाली पाटकरी होते, म्हणजे फाट्याचे पाणी पाळीने सोडणारे. मला बरे नाही हे कळून ते गूळ घेऊन फलटणहून आले आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही, याचे मला वाईट वाटते. लीलाबाई माझ्याच शाळेत शिकवतात. बाबांना वाचता येत नाही. कागदात काय आहे हे साक्षीदाराला कळलेच पाहिजे असे नाही, पण न कळलेल्या कागदावर त्यांचा अंगठा घेणे मला बरे वाटेना. म्हणून लीलाबाईंनी सर्व मोठ्याने वाचले.

बाबा म्हणाले, "आवं ताई, ह्ये मेल्यावर कशाला सांगायचं? सायेब हितं वसरीवरच बसल्यात की."

"आणि तू मरणार नाहीस," लीलाबाई म्हणाल्या. "सहावीचे पेपर तसेच पडलेत तुझे. ते मी तपासणार नाही, आधीच सांगते."

"अंगठा देतो, पर आदी तिकडं जाऊन या," बाबा म्हणाले आणि हात मागे घेऊन बसले.

मी गेले. आप्पा चष्मा पुसत होते. कलम ५ मी त्यांना उभ्यानेच वाचून दाखवले. ते पुसतच राहिले.

"गुणा, त्या फाट्यांवरून मी अकरा वर्षं पायी हिंडलोय. ते मला ओळखू येणार नाहीत होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"टोकापर्यंत पाणी पोचलंय म्हणालीस. नोकरीत तेवढं एकदाच कोणीतरी म्हणालं."

"आणि ती पेन्सिलीची रेघ?"

आप्पा लाजले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिले. "पंधरावा फाटा. कोरड्या माण तालुक्याकडं न्यायचा होता. तीन अर्ज केले, तिन्ही नामंजूर. मध्ये चढ आहे म्हणे. म्हटलं, तिथं चढ आहे की नाही हे कोणाला ठाऊक!"

सबब कलम ५ चे पहिले वाक्य खोडले आहे व बाजूला सही केली आहे. बाकीचे कलम खरे असल्यामुळे ठेवले आहे. नकाशा दोघांनी काढलेला आहे असे आता कळल्यामुळे त्याची व्यवस्था मला एकटीने लावता येत नाही. तो भिंतीवर आहे तिथेच राहावा. फेब्रुवारीत आप्पांनी स्वतः बघावे आणि जे दिसेल तेच सांगावे. मी घरी असले तर या खेपेस तिवई मी धरीन.

मुक्काम सांगली, तारीख १२ जानेवारी १९४८, सोमवार.

सही: गुणमाला धनपाल मगदूम

आमच्यासमोर सही झाली:
१. लीलाबाई (सही). पेपर तपासणार नाही, हेही नोंदवावे.
२. आकाराम, निवृत्त पाटकरी, यांचा डाव्या हाताचा अंगठा. तो कलम ५ वाचून दाखवून झाल्यावर दिला आहे.