एजन्सी फी मला शिकवू नका

२ मे
आई काल दवाखान्यातून घरी आली. खुब्याचं ऑपरेशन डॉक्टरच्या मते यशस्वी. डॉक्टर आमच्या निकेशच्या वयाचा, त्यामुळे मताला फार किंमत नाही. पण महिनाभर आईला उठवायला-बसवायला कायम माणूस हवं, हे मलाही दिसतं. इंदुताई दवाखान्यात राहिली, आज दुपारच्या बसने चामोर्शीला परत. म्हणे, माझंही घर आहे. बहिणींना घर असं ऐन वेळी आठवतं.

निकेशचा पुण्याहून फोन. बाबा, एजन्सीकडून राहणारी बाई ठेवा, पैसे मी पाठवतो. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, माझ्या हातून फालतू खर्च पास होणार नाही. तो म्हणाला, फालतू काय, आजी आहे ती. या पिढीला मुद्दा कळत नाही.

निश्चय: बाई ठेवायची. दलाली द्यायची नाही.

३ मे, संध्याकाळी
एजन्सीत जाऊन आलो. नाव ‘मायेची ओंजळ होम केअर’. ओंजळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, जिना चढून. चालवणारी दीपाली नावाची पोरगी. मागे गणपती, पुढे स्वाइप मशीन.

तिने मला फी समजावली. मला! रजिस्ट्रेशन वेगळं, ते परत मिळत नाही. प्लेसमेंट फी म्हणजे बाईचा एक पगार, चौदा हजार, आधीच भरायचा. तो एजन्सीचा. बाईचा महिन्याचा पगार त्याशिवाय. तीन महिन्यांत बाई सोडून गेली तर दुसरी फुकट. याला रिप्लेसमेंट म्हणायचं. मी विचारलं, एक पगार कशाबद्दल? महिनाभर तुम्ही येऊन आईला उचलणार का? म्हणाली, काका, आम्ही बाईचे कागद तपासतो, पोलीस व्हेरिफिकेशन करतो, काम शिकवतो, गेली तर दुसरी आणतो. मी नुसता हसलो. माझ्या या हसण्याने ऑफिसात भलेभले घाबरत. तिने विचारलं, काका, पाणी देऊ का?

सगळा डाव दोन मिनिटांत लक्षात आला. बाया गावात असतात. गावं मला माहीत आहेत. मग मध्ये ही कोण?

५ मे
चामोर्शीच्या पुढच्या एका गावाला जाऊन आलो. जंगलाला लागून. बस फाट्यावर सोडते, पुढे चालत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गावात माणूस नाही. एका मांडवाखाली इतवारी नावाचा म्हातारा दोरी वळत बसलेला. त्याने विचारलं, काऊन आले जी? मी सांगितलं, राहणारी बाई पाहिजे, आठ हजार देईन, वर जेवण, एजन्सीची भानगड नाही. म्हणाला, “आत्ता कोणी नाई भेटत भाऊ. सारे पानाले गेले.”

तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे सगळं गाव जंगलात, दुपारी पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी मोजून द्यायचे. मी म्हणालो, हंगाम संपल्यावर? तर म्हणे, आठ हजारात दिवसरात्र तुमच्या घरी काऊन राहीन कोणी? मग मला नीट खालीवर पाहिलं. “तुमीच चाला ना पानाले. हातपाय तं धड दिसून राह्यले.”

प्रगती अशाने खुंटते.

कपाळ भाजलं. घरी आलो तर शेजारच्या दीपिका वहिनी आईपाशी. त्यांना दोन तासांत येतो म्हणून गेलो होतो, परतायला दिवेलागण झाली. म्हणाल्या, चार दिवस केलं, अजून दोन दिवस करीन, मंग मले नाई जमणार हो. चार दिवसांत माणुसकी संपते लोकांची.

७ मे
करार झाला. जिंकलो. रजिस्ट्रेशन फी पूर्ण माफ! दीपालीने कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणाली, चला, तुमच्यासाठी काका. त्याच्या जागी ‘ऑनबोर्डिंग चार्ज’ आहे. किंचित जास्त आहे, पण खर्चाचं हेड वेगळं. ऑडिटमध्ये हेड महत्त्वाचं. प्लेसमेंट फी मात्र भरली. शत्रूला थोडं पुढे येऊ द्यावं लागतं.

करार चार पानी, अक्षर बारीक. वाचला नाही. असले मसुदे मी आयुष्यभर परत फिरवले आहेत.

८ मे
रुखमा आली. चाळिशीची, आवाज खणखणीत. तळ्याकाठच्या गावची, नवरा मासे धरतो. आल्या आल्या आईच्या काखेत हात घालून तिला बसवलं, पाठीला उशा लावल्या. आईने गाव विचारलं. आईचं माहेर त्याच बाजूचं निघालं. मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या त्या थांबेचनात.

मी नियम सांगितले. कुलर अकरा ते चार. फ्रिज विचारून उघडायचा. माझा चहा सर्वांत आधी. रुखमा प्रत्येकाला “हाव जी” म्हणाली. आई म्हणाली, “तो तसाच आहे. तू नोको लक्ष देऊ.” बाईसमोर!

१० मे
कुलर सकाळी आठपासून चालू. विचारलं तर म्हणे, आईले गरम होते. तीन वेळा भात खाते. घोरते. आईला रोज केस विंचरून वेणी घालते. ब्याऐंशीव्या वर्षी वेणी! आई आरसा मागते आहे.

११ मे
घरात वास. रुखमाच्या नवऱ्याने सुकवलेले झिंगे पाठवले होते, बसच्या कंडक्टरबरोबर. तिने कांदा घालून परतले. बाबांना चालत नसे म्हणून या घरात मासळी कधी शिजली नाही. मी कडक शब्दांत मनाई करायला आत गेलो. आई बोटं चाटत होती. मला पाहून थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, “साठ वर्षं झाली रे.” कशाला साठ वर्षं, ते मी विचारलं नाही. बाहेर येऊन खिडक्या उघडल्या.

१३ मे
मोठा शोध! रुखमाला सहज विचारलं, तर दीपाली तिच्याही पगारातून दर महिन्याला कापते. म्हणजे माझ्याकडून घ्यायचं आणि तिच्याकडूनही. दोन्ही बाजूंनी! रुखमाला म्हणालो, ऐक, तू एजन्सीला सांग की मी काम सोडलं. मी सांगतो मला दुसरी बाई नको. फी परत मागतो. तू इथेच राहा, थेट. कापाकापी बंद. तुझाही फायदा, माझाही. म्हणाली, “इचारून सांगतो जी.”

चाल अचूक आहे. निकेशला कळलं की तोंडात बोट घालेल.

१४ मे
तिने दीपालीलाच विचारलं.

दीपालीचा फोन. आवाज गोड. काका, पान तीन, कलम नऊ वाचलं का? एजन्सीला वगळून तीच बाई ठेवली तर तिप्पट फी. मी म्हणालो, हे कायद्यात बसत नाही. म्हणाली, तुमच्या सहीत बसतं.

रुखमाला जाब विचारला. म्हणाली, “इचारून सांगतो म्हटलं होतं ना जी. उद्या तुमी काढलं तं मले दुसरं काम कोन देईन? दीपालीबाईच देईन.” निष्ठा कुठे ठेवावी, हे कळायला अक्कल लागते.

१६ मे
आता करारानेच करार मोडतो. गॅरंटी आहे तर वापरायची. ‘कुलर, झिंगे, घोरणे’ ही कारणं देऊन रिप्लेसमेंट मागितली. दीपालीने तीनदा विचारलं, नक्की ना काका? नक्की.

रुखमा दुपारी गेली. जाताना आईच्या पाया पडली. आई भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी जेवली नाही. वयोमानाने होतं असं.

१७ मे
रिंकू आली. तरुण, कमी बोलते. उत्तम निवड. रिप्लेसमेंट फुकट, म्हणजे हिशेबाने मी फायद्यात.

१९ मे
रिंकू गेली. मी फक्त पंखे पुसायला, गच्चीवरची टाकी धुवायला आणि माझे जुने पेपर लावायला सांगितलं होतं. म्हणे, करारात पेशंटची सेवा लिहिली आहे. मी म्हणालो, पंखा पेशंटलाच वारा घालतो. तिने पिशवी उचलली.

दीपालीला फोन केला, दुसरी पाठव. म्हणाली, गिऱ्हाइकाच्या वागण्याने बाई गेली तर गॅरंटी नाही. तेही कलमात आहे. शिवाय आत्ता बाया नाहीत काका, सगळ्या पानाला.

काही बिघडत नाही. एका म्हातारीला सांभाळायला काय लागतं? उद्यापासून मीच.

२० मे
सकाळी आईला बाथरूमला न्यायचं होतं. रुखमा कशी धरायची ते पाहिलेलं होतं. काखेत हात घातला. आई इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे जोर जास्त लागला. तिचा पाय वळला. दोघंही खाली. आईला पाठीवर घेतल्यासारखा मी फरशीवर, उठता येईना. लुगडं ओलं झालं. आई म्हणत होती, “घनश्या, राहू दे. तुले नाई जमत बाबू. कोनाले तरी बलाव.” रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

ओरडून दीपिका वहिनींना बोलावलं. त्या आणि त्यांचे मिस्टर आले. मला आधी उठवावं लागलं, कारण मी खाली होतो. वहिनींनी मला खोलीबाहेर काढून दार लावलं, आईला पुसलं, बदललं. मी दाराबाहेर उभा. रुमालाने तोंड पुसत राहिलो. उष्म्यामुळे.

एक्स-रे काढला. हाड शाबूत. निकेशला कळवायची गरज वाटत नाही.

२१ मे
वहिनींनी कळवलं. निकेशलाही, इंदुताईलाही.

२२ मे
इंदुताई गाडी घेऊन आली. पुढच्या सीटवर रुखमा. इंदुताईने दीपालीला फोन केला होता, निकेशने फी भरली. पूर्ण फी, नवं रजिस्ट्रेशन, सगळं. एक प्रश्न विचारला नाही दोघांनी! मी म्हणालो, अगं, याच बाईची फी मी भरली आहे, एकाच बाईवर दोनदा फी! इंदुताई म्हणाली, “घनश्याम, बाजूले सर.”

रुखमाने आईला उचलून गाडीत बसवलं. आईने वेणी घालून घेतली होती. निघताना मला हात केला. कुठे दुखतं का विचारायला वाकलो तर म्हणाली, “जेवत जा.”

कुलर बंद केला. विजेची बचत.

२५ मे
दीपालीला फोन. एक सुशिक्षित, निर्व्यसनी ज्येष्ठ नागरिक, काम किरकोळ, स्वयंपाकाला बाई पाहिजे. फीबद्दल काहीही बोलणार नाही, हे आपणहून सांगितलं. म्हणाली, काका, बायांना विचारलं, तयार नाहीत. फी दुप्पट देतो म्हणालो. म्हणाली, फीचा प्रश्न नाही काका.

२८ मे, दुपारी
इंदुताईकडे फोन लावला. आई रुखमाचा हात धरून ओसरीपर्यंत चालली म्हणे. आईला फोन दिला. मी म्हणालो, रविवारी भेटायला येतो. आई खूश झाली. ये म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, “घरूनच जेवून येजो. रुखमाले जास्तीचं काम नोको.”

दीपिका वहिनींकडे खिचडीला पाणी किती घालतात ते विचारायला गेलो. त्यांनी दार न उघडता आतूनच सांगितलं. नीट ऐकू आलं नाही.