सतरा-शून्य असताना चोरलेला बेस

रविवार, ८ जुलै १९५१. आठवा डाव, आम्ही सतरा-शून्याने पुढे, आणि चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून मी पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायला पळालो. माझं आयुष्य फिरलं ते तिथे.

मी, लॅम्बर्ट जोसेफ कुचेरा, वय बावीस, कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, होल्डन क्रीक संघाचा पगारी बेसबॉल खेळाडू, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं थंड आहे. घरमालक येझेककाकांनी कपाळाला हात लावून खात्री केली आहे. कॉलेजात राहिलो असतो तर सैन्याचं बोलावणं इतक्यात आलं नसतं. आज संध्याकाळच्या रेल्वेने निघतो आहे. पुढे बहुधा कोरिया.

कलम एक. रसायनशास्त्राचं पुस्तक वडिलांना. कॉलेज सोडलं ते बेसबॉलसाठी, असं त्यांना सांगितलं होतं. खरं कारण मैदानाच्या तिकीट खिडकीत बसायचं: व्लास्ता हावलिक. पुस्तकाची निम्मी पानं कोरी करकरीत आहेत. कोठाराच्या दाराला टेकू म्हणून उत्तम.

कलम दोन. माझा ग्लोव्ह व्लास्ताच्या भावाला, एमिलला. इथे कबुली देणं भाग आहे. एवढ्या धावांनी पुढे असलेल्याने बेस चोरायचा नसतो. ते हरणाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणं. मला हे ठाऊक होतं. पण तिकिटं संपवून व्लास्ता पहिल्या रांगेत येऊन बसली होती. माझ्यानंतर बॅटिंगची पाळी एमिलची. समोरच्या संघाच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरने, ड्वेन टटलने, माझ्यावरचा राग त्याच्यावर काढला. चेंडू थेट मनगटावर. हाड मोडलं, एमिलचा हंगाम संपला.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, "निदान तिनं मला पळताना बघितलं तरी का?"

"नाही रे गाढवा! तिचा कोलाच, तो खसखशीचा गोड पाव, बाकाखाली पडला होता. वाकून तो शोधत होती."

सामना सतरा-शून्यानेच जिंकलो. त्या दिवसापासून व्लास्ता माझ्याशी बोललेली नाही.

कलम तीन. ड्वेन टटलला काहीही नाही. फक्त सल्ला: पुढच्या वेळी चूक ज्याची, चेंडू त्याच्याच बरगडीत मार.

कलम चार. दोन्ही बॅटी मॅनेजर स्काला यांना. "सतरा कमी पडल्या का रे भामट्या?" असं त्यांनी अख्ख्या मैदानासमोर विचारलं होतं. उत्तर राहून गेलं होतं. नाही, साहेब.

कलम पाच. माझी फोर्ड मोटार, जिला मागे जायचा गिअर नाही, व्लास्ता हावलिकला. सोबत माफी. तोंडाने मागायचा दोन महिने धीर झाला नाही, म्हणून इथे.

इथे लिहिणं थांबलं. येझेककाका एक साक्षीदार; दुसरा कुणी पाठव, असा एमिलला निरोप धाडला होता. त्याने बहीण पाठवली. तिने उभ्याउभ्या कागद वाचला.

"मेल्यावर मोटार देतोस होय रे? जिवंतपणी एकदा तरी बसवलंस का?"

"तू बोलतच नव्हतीस."

"तू आलास कधी बोलायला? मनगट मोडलं माझ्या भावाचं, आणि माफी मृत्युपत्रातून?"

मग मी मागितली. तोंडाने, काकांच्या देखत. तीनदा अडखळलो. तिने ऐकून घेतलं, आणि पेनासाठी हात पुढे केला.

"पोरी, साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही बरं," काका म्हणाले. "सही केलीस की मोटार गेली."

"जाऊ दे. मेलेल्याची मोटार घेऊन मी काय करू? परत ये म्हणावं, आणि फिरव मला."

सबब कलम पाच रद्द. बाकी सर्व कायम.

स्थळ: होल्डन क्रीक, नेब्रास्का
दिनांक: २० सप्टेंबर १९५१

साक्षीदार:
१. बोहुमिल येझेक, निवृत्त न्हावी
२. व्लास्ता हावलिक, स्वखुशीने, काहीही न घेता

(सही) लॅम्बर्ट जोसेफ कुचेरा

ता. क. स्टेशनापर्यंत मोटार तीच चालवणार म्हणते. खाली हॉर्नवर हॉर्न चालू आहे. कागद काकांच्या हाती देऊन मी बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.