सस्क्वेहानात एकही बास नाही

ती. लॉइडमामांना केंड्राचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी म्हणते, तो चर्चच्या पायऱ्यांवर दुखतो आणि नदीतल्या शेवाळलेल्या दगडांवर आपोआप बरा होतो. सस्क्वेहानाच्या पाण्यात असा गुण असेल, तर आमच्या मत्स्य कार्यालयाला कळवायला हवं.

आपल्या नदीतला बास मासा परत आला, हे सांगायला खरं तर हे पत्र. मधली काही वर्षं त्याची पिल्लं अंगावर फोड येऊन मरत होती. (तेव्हा तुम्ही सगळे "मासे भरपूर आहेत" म्हणत छाती काढून फिरत होतात.) मग विणीच्या दिवसांत गळ टाकायला बंदी आली, कारण घरट्यावर नर पहारा देतो, आणि त्याला उचललं की अंडी दुसऱ्यांच्या पोटात. आता मासे इतके झालेत की आमची मोजणीची जाळी उचलवत नाहीत. म्हणून मी, आपल्या घरातली पहिली पदवीधर, मोठ्या श्रद्धेने धक्क्यावर उभी राहिले आणि गळ टाकून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, आज किती मिळाले?

एकाही सज्जनाला एकही मासा मिळाला नव्हता. शेजारचे स्नावली "नदी मेली गं पोरी" म्हणाले, तेव्हा त्यांच्या बाहीला ओले खवले चिकटले होते. तुम्ही तर मला ओळखसुद्धा न दाखवता म्हणालात, "एक बूट लागला. तोही सोडून दिला." (न्यू जर्सीहून गाड्या भरून येणाऱ्या गळवाल्यांना सुगावा लागू नये, हा तुमचा थोर हेतू मला कळतो. मासे नसताना फुशारकी आणि असताना रडगाणं, ही आपल्या खोऱ्याची रीतच आहे.)

हे सगळं मी इमानदारीने वर कळवलं. साहेब म्हणाले, बंदी घालूनही मासे वाढले नाहीत, तर ती उठवलेली बरी. मी आमच्या जाळ्यांचे आकडे पुढे केले. त्यावर ते म्हणाले, कालची मुलगी आणि जन्म नदीवर काढलेलं अख्खं गाव, यांत ऐकायचं कुणाचं? म्हणजे मामा, ज्यांच्यापासून तुम्ही मासे लपवलेत, ते आता वसंतात येऊन घरट्यावरचा नरही घेऊन जातील. अभिनंदन.

मामीला नमस्कार, आणि गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
केंड्रा

ता. क. मंगळवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये या बंदीची सुनावणी आहे. आयुष्यात एकदा, चारचौघांत उभं राहून माशांबद्दल खरं बोला. एवढंच मागते.

ता. क. २. तेवढं झेपणार नसेल तर घरीच थांबा. मामी येतेय, तुमच्या फोनमधले तुम्ही पकडलेल्या माशांचे फोटो घेऊन. मागे पूल दिसून आपली जागा ओळखू येत नाही तेवढेच दाखवीन, असं मात्र तिने आधीच बजावलंय.